आठ पदरी घडी

ही वही कुणी वाचणार नाही असं धरूनच लिहायला बसले आहे. तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. मुलीला दाखवून नीट करून घेता आलं असतं, पण हे मुलीला दाखवण्यासारखं नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. त्या वेळी तो तसा राहिला म्हणूनच ही गोष्ट घडली.

चौथीत होते तेव्हा भूकंप झाला. आई त्यात गेली. त्याबद्दल लिहायला लागले तर दुसरं काही लिहून होणार नाही, म्हणून एवढंच सांगते की पुढची काही वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मी शहाणी झाले, म्हणजे पाळी आली, तेव्हा आई नव्हती, आत्या होती. शेडच्या ओळींत बायकांना आडोसा नव्हता. उजाडायच्या आत एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, एवढंच बाहेर जाता यायचं. आत्याने जुन्या सुती लुगड्याचा मोठा तुकडा फाडला, दोन पदरी केला, चार पदरी केला, आठ पदरी केला आणि मधे आणखी एक पट्टी घातली.

“ही दिसभर पुरती बघ,” ती म्हणाली. “मदी उठायचं काम न्हाई.”

त्यापलीकडे बाईच्या शरीराबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही. पुढे लग्न झालं, तीन लेकरं झाली, नळ आणि संडास असलेल्या जागेत राहायला आले, तरी घडी तीच राहिली. हाताला दुसरी येतच नव्हती.

सासर मुखेडकडचं. तिकडे हाताला काम नव्हतं म्हणून आम्ही लातूरला आलो. लातूरला तेव्हा क्लासचे दिवस आले होते. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं-पोरी शिकायला यायची आणि गल्लीतलं प्रत्येक दुसरं घर होस्टेल झालं होतं. आमचे हे रिक्षा चालवायचे, पोरींना क्लासला नेऊन सोडायचे. मी आमच्या इमारतीत वर राहणाऱ्या सोळा पोरींची मेस चालवायची. खाली एक खोली आम्हाला राहायला होती. तीत आम्ही दोघं, दोन मुली, धाकटा मुलगा आणि सासूबाई.

सासूबाई शिवताशिवत पाळायच्या. पाळीचे चार दिवस मी चुलीला हात लावायचा नाही. जिन्याखाली पोतं टाकून बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत यायचं. त्या चार दिवसांत सोळा पोरींच्या पोळ्या त्यांनाच लाटाव्या लागायच्या. त्यामुळे माझ्या पाळीची तारीख माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ होती.

मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हाची ही गोष्ट. एके दिवशी सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “ह्या महिन्याला कावळा कुठं गावाला गेला म्हणं?”

“थंडीनं पुढं गेली असंल,” मी म्हणाले.

“थंडीनं!” त्या हसल्या. “एक डोळा डोळा नव्हं, एक ल्योक ल्योक नव्हं. येऊ दे की.”

त्या दिवशी त्यांनी मला हाताने तुपाची धार वाढली. मी ते जेवण कसं गिळलं ते मलाच माहीत.

मला ते मूल नको होतं. कारणं विचारली असती तर मी खोली लहान, मेसचं काम, मागच्या बाळंतपणात झालेला त्रास, असं काहीबाही सांगितलं असतं. पण खरं कारण एवढंच की मला नको होतं, आणि माझ्या घरात माझ्या तोंडून हे वाक्य निघण्याची सोय नव्हती. मागे ऑपरेशनचं नाव काढलं होतं तर हे म्हणाले होते, आईला विचार. आईला विचारलं तर आई म्हणाल्या, त्याला विचार. दोन दारांच्या मधे मी उभी, आणि दोन्ही दारं बाहेरून लावलेली.

समोरच्या खोलीत एक भाभी राहायची. तिचे मियाँ गंजगोलाईत चपलांच्या दुकानात कामाला होते. ती ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. तिला मी काही सांगितलं नाही. तिच्या टेपने सांगितलं. मी नणंदेच्या घरच्या लग्नासाठी ब्लाऊजचं माप द्यायला गेले होते. तिने छातीवर टेप लावला, वहीतलं जुनं माप पाहिलं, परत टेप लावला आणि तो माझ्या गळ्यात तसाच सोडून म्हणाली, “क्यों गं, दिवस गेलेत का?”

मी रडायला लागले. तिने मशीनचं चाक जोरजोरात फिरवलं, बाहेर रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

“ठेवायचं हाय?”

मी मान हलवली.

“मग ऐक. मेडिकलवरनं गपचूप गोळ्या आणायच्या न्हाईत. माझ्या नणंदेनं आणल्या व्हत्या. किती दिवसाचं हाय ते बघितलंच न्हाई तिनं. मरता मरता वाचली. दवाखान्यात जाऊ, सीधं.”

“ह्यांची सही लागंल,” मी म्हणाले. हीच माझी खरी भीती होती. मुखेडला शाळेच्या दाखल्यापासून रेशनच्या कार्डापर्यंत सगळीकडे यांची सही लागायची.

“चल तर खरं,” भाभी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आमच्या गल्लीपासून लांब होता. ह्यांची रिक्षा तिकडे जात नव्हती म्हणूनच तो निवडला. बाईंनी तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. शेवटची पाळी कधी म्हणून विचारलं तर मी डोक्यावरून पाणी घेतलं तो दिवस सांगितला. त्या हसल्या नाहीत. “पाचवा दिवस नाही, पहिला दिवस सांग. आम्ही तिथून मोजतो,” म्हणाल्या. सहा आठवडे होऊन गेले होते. आणखी थांबले असते तर गोळ्यांनी जमलं नसतं.

“सही?” मी एवढंच विचारू शकले.

“तुझी. तुझं वय अठराच्या वर आहे ना? मग तुझी एकटीची पुरते. आणि इथलं मी कुणाला सांगत नाही.”

मी चौथीतल्या अक्षरात नाव लिहिलं. इतकं सावकाश लिहिलं की पेनातली शाई एका जागी साचली.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एक गोळी त्यांच्यासमोरच घ्यायची. दोन दिवसांनी चार गोळ्या, दोन ह्या गालात, दोन त्या गालात, अर्धा तास तशाच धरायच्या आणि उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. त्यानंतर काही तासांत कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, गाठी पडतील. थंडी वाजेल, जुलाब होतील, अंग कोमट होईल. हे एका दिवसात ओसरतं, त्याला भ्यायचं नाही. नंतर थोडं थोडं आठ-पंधरा दिवस जात राहील.

“आता कधी यायचं ते नीट ऐक,” त्या म्हणाल्या. “तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, आणि लागोपाठ दोन तास तसंच झालं, तर वाट बघायची नाही. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, घाण वास आला, चक्कर आली, गोळी घेऊनही कळ सोसेना, तरी यायचं. रक्त गेलंच नाही तरी यायचं. दिवस असो की रात्र. काय?”

मी मान हलवली.

बाहेर बाकावर नर्सबाईंनी कागद दिला. शेजारी दोन पुरुष बसले होते. नर्सबाईंनी त्यांच्यादेखत खणखणीत आवाजात विचारलं, “पॅड वापरता ना?”

माझे कान तापले. नाही म्हटलं तर पुढे काय वापरता विचारतील, मग मला त्या माणसांसमोर लुगडं, घडी, सगळं सांगावं लागेल. मी मान हलवली. होय अशी.

त्या एका मान हलवण्याबद्दलच मला हे लिहायचं होतं.

रविवारी दुपारी पोरींची टेस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद, म्हणून मी शुक्रवारीच बाईंसमोर पहिली गोळी घेतली होती आणि पुढच्या चार गोळ्यांना रविवार धरला. सकाळी सासूबाईंना म्हणाले, “मी बाजूला झाले.” त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी परात आपल्याकडे ओढली. हे पोरींना टेस्टला घेऊन गेले, तिथून परस्पर मुखेडला जाऊन सोमवारी येणार होते. मी जिन्याखाली पोतं टाकलं आणि बारा वाजता गोळ्या गालांत धरल्या.

दोन मिनिटांत सासूबाई आल्या. “हळदीचा डबा कुठं ठिवलीस?”

मी बोटाने फळी दाखवली.

“आन् मीठ?”

परत बोट.

“तोंडात काय तंबाखू धरलीस व्हय गं? गाल बघ की, माकडावानी फुगल्यात.”

मी पदर तोंडावर घेतला. गोळ्यांचा खडूसारखा चोथा जिभेखाली उतरत होता. त्यांना वाटलं मला हसू येतंय. त्या आणखी चिडल्या आणि मिठाचा डबा आपटून गेल्या.

दोननंतर कळा सुरू झाल्या. जिन्याखाली ताठ बसता येत नाही, पाय लांब करता येत नाहीत. डोक्यावरून टेस्टहून आलेल्या पोरी चपला वाजवत चढत होत्या. प्रत्येक पाऊल माझ्या कपाळावर पडल्यासारखं वाटायचं. एकीने वाकून विचारलं, “काकू, आज रात्री खिचडी तरी मिळंल का?” मी नाही म्हणाले. मग थंडी भरली, दात वाजायला लागले. हे बाईंनी सांगितलेलं होतं, म्हणून भीती वाटली नाही. रक्त सुरू झालं तेव्हा उलट सुटका झाल्यासारखं वाटलं.

साडेतीनला पहिली घडी भिजली. पार भिजली, परकरापर्यंत. मी न्हाणीत जाऊन बदलली आणि भिजलेली जिन्याजवळच्या बादलीत बुडवून ठेवली. साडेचारला दुसरी तशीच भिजली. मी मनात हिशोब केला. बाई म्हणाल्या तासाला दोन. माझी तासाला एक. म्हणजे निम्मंच. मला गणित येत होतं, चौथीत पैकीच्या पैकी होते. एक हे दोनपेक्षा कमी.

तिसरी घडी तासभरही टिकली नाही. उठले तर समोरची भिंत हळूच एका बाजूला सरकली. मी जिना धरून उभी राहिले. भूकंप झाल्यापासून भिंत हललेली मला सहन होत नाही. भिंत हलत नव्हती, मला चक्कर येत होती, हे कळायला वेळ लागला. चक्कर आली तर यायचं, हेही बाईंनी सांगितलं होतं. पण जायचं कसं? दार सासूबाईंच्या पुढ्यातून. कोपऱ्यावरचे रिक्षावाले सगळे ह्यांच्या ओळखीचे. आणि माझ्याकडे एक आकडा होता. तासाला एकच. तो आकडा मी धरून बसले. आकडा सांगत होता की अजून जायला नको, आणि मला तेच ऐकायचं होतं.

भाभी पाचच्या सुमारास पाणी भरायला नळावर आली. बादलीतलं लाल पाणी बघून तिने घागर तशीच खाली ठेवली आणि जिन्याखाली वाकली.

“किती झाले?”

“तासाला एक. दोन न्हाईत झाले.”

“एक काय?”

मी बादलीकडे बघितलं. तिने हात घालून घडी वर काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी घडी आजवर माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. तिने मात्र ती ब्लाऊजपीस बघावा तशी दोन बोटांनी उलगडली आणि पदर मोजायला लागली. “दोन, चार… सहा, आठ. आन् ही मदली पट्टी. येडी हाय का गं तू? ह्या एकात तीन पॅड बसतात! डॉक्टरीणबाईनं पॅड म्हणलं व्हतं, चादर न्हाई!”

“नर्सबाईनं विचारलं तवा मी हो म्हणले.”

“कशाला?”

“दोन माणसं बसली होती.”

भाभीने ती घडी पिशवीत घातली. मग तिने मला काखेत धरून उठवलं.

दारात सासूबाई आडव्या आल्या. “कुठं निघालीस? बाजूला बसलेली बाई, आन् रिक्षात बसणार?”

“अम्मा, रिक्षा मी धुऊन दीन,” भाभी म्हणाली. “लई जाऊन राहिलंय हिला. चक्कर येऊन राहिली. आता सरका.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे फरशीवर बघितलं. त्या आत गेल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या आपली शाल घेऊन आल्या आणि लांबूनच, माझ्या अंगाला बोट लागणार नाही अशी, माझ्यावर टाकली.

“जा,” म्हणाल्या.

भाभीने कोपरा टाळून मागच्या रस्त्याने अनोळखी रिक्षा थांबवली. दवाखान्यात त्याच नर्सबाई होत्या. “तासाला किती पॅड?” त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून परत “एक” असंच निघालं. शपथेवर सांगते, तेव्हाही. भाभीने पिशवीतून घडी काढून टेबलावर ठेवली. “हे एक,” ती म्हणाली. नर्सबाईंनी ती उचलली, हाताने तोलली आणि बाईंना हाक मारली.

गर्भ पडला होता, पण थोडं आत अडकून राहिलं होतं, म्हणून रक्त थांबत नव्हतं. पिशवी साफ करावी लागली. सलाईन लागलं, रात्र तिथंच काढली. रक्त चढवायची वेळ आली नाही, पण फार लांबही नव्हती, असं बाई म्हणाल्या. बहुतेक बायकांचं गोळ्यांनी घरीच नीट होतं, थोड्याजणींचं असं राहतं, म्हणूनच कधी यायचं ते सांगतो, असंही म्हणाल्या.

मला वाटलं होतं रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. “चूक तुझी एकटीची नाही. आम्ही पॅड विचारला, कापड विचारलं नाही. तेही बाकावर, चारचौघांत.” मग नर्सबाईंकडे वळून म्हणाल्या, “यापुढं आत बोलवून विचारायचं. कापड असेल तर घडी घालून दाखवायला सांगायचं.”

नर्सबाई खाली बघत होत्या. नंतर सुई काढताना माझ्या कानाशी म्हणाल्या, “माझी आईबी कापडच वापरायची बघा.”

खर्च भाभीने भरला. मशीनला मोटर बसवायला तिने साठवलेले पैसे होते ते. मला तेव्हा ते कळलं नाही, नंतर कळलं. मला वाटलं तिच्याकडे असतील.

सोमवारी हे मुखेडहून आले. “काय झालं म्हणं तुला?”

“पाळीचं.”

“हं,” म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. पाळीचं म्हटल्यावर पुरुष पुढे विचारत नाही. जिन्याखाली बसवणारा तोच शब्द त्या दिवशी माझ्यावर पांघरुणासारखा आला.

पाचव्या दिवशी मी न्हायला पाणी तापवलं. थोडं थोडं अजून जातच होतं. आता डोक्यावरून पाणी घेऊन आत जायचं आणि रोज खोटं बोलत चूल पेटवायची, ह्याचं मला ओझं झालं होतं. सासूबाईंनी पातेलं खाली उतरवलं.

“इतक्यात नगं. बस अजून.”

“पोरींचा सैपाक?”

“मी हाय की. मेली न्हाई.”

त्यांनी आणखी आठ दिवस सोळा पोरींचा स्वयंपाक केला. पोरी जिन्यावरून वाकून कुजबुजायच्या, “काकू, तुम्ही कधी येताय? आजींच्या आमटीनं कानातून धूर निघतोय.” मी जिन्याखालून हसायची. हसलं की पोट दुखायचं.

एका दुपारी सासूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर लसूण सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमच्या वक्ताला गोळ्या नव्हत्या.”

त्यांनी सालं फुंकून टाकली आणि उठून गेल्या. त्यांना काय माहीत होतं, त्यांच्या वेळी काय झालं होतं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही मुलाला कधी काही सांगितलं नाही. कावळ्याची चौकशी मात्र परत केली नाही.

पंधरा दिवसांनी भाभीबरोबर तपासणीला गेले. ह्या वेळी नर्सबाईंनी आत नेऊन, दार लावून विचारलं. मी सगळं तोंडाने सांगितलं. बाईंनी तांबी बसवली. तिलाही माझीच सही पुरली.

राहिले भाभीचे पैसे. मेसचे पैसे यांच्या हातात यायचे, त्यातला रुपया मला काढता येत नव्हता. भाभी मागत नव्हती, आणि ती मागत नव्हती म्हणूनच मला तिच्या दारावरून जाताना मान वर करता येईना. शेवटी मीच म्हणाले, मला फॉल लावायला दे. दुपारी पोरी क्लासला गेल्या की मी हाताने साड्यांना फॉल लावायची. सासूबाई विचारायच्या, “कुणाच्या गं एवढ्या साड्या?” मी म्हणायची, भाभीला मदत करते. ते खरंच होतं. भाभी दर साडीची मजुरी तिच्या मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहायची आणि रकमेतून वजा करायची. लग्नसराईत पैसे भरभर उतरायचे, पितृपक्षात पंधरवडाभर एकही साडी यायची नाही. दीड वर्ष लागलं.

शेवटची साडी जांभळी होती, कुणा शिक्षिकेची. मी ती घडी करून दिली. भाभीने टाके उलटसुलट बघितले, एका जागी दोरा सैल होता तो मला परत घालायला लावला. मग वही काढली. साडीची मजुरी वजा करून बारा रुपये उरत होते. ते मी पदराच्या गाठीत बांधून आणले होते. दहाची नोट आणि दोन नाणी तिच्या हातावर ठेवली.

“राहू दे गं बारा रुपये,” ती म्हणाली.

“न्हाई. घे.”

तिने घेतले, मोजले आणि पानावर आडवी रेघ मारली.